‘धर्मात्मा’ : दया आणि समता

मराठी बोलपटाच्या आरंभकाळाच्या इतिहासात ‘प्रभात’चे नाव अभिमानाने घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली ही कंपनी १९३३ साली पुण्यात आली. तिच्या आवारात १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे. येथेच व्ही. शांताराम यांनी १९३५ साली संत एकनाथांच्या जीवनावर ‘धर्मात्मा’ हा बोलपट निर्माण केला. एकनाथांची भूमिका बालगंधर्वांनी केली. मूळ नाव ‘महात्मा’ होते. गांधीजींचा संबंध जोडला जाईल म्हणून सरकारी परीक्षकांनी त्यास हरकत घेतली व ते बदलावे लागले.

अस्पृश्याच्या घरी जेवणारा ब्राह्मण संत पडद्यावर दाखविणे त्या काळी धैर्याचे होते, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. परंतु कलाकृतीचे मूल्यमापन तिच्या काळासह करावयाचे, तर तो काळ पुरता पाहिला पाहिजे. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला होता. १९२९ साली खुद्द पुण्यात पर्वतीच्या मंदिरप्रवेशासाठी अस्पृश्यांनी सत्याग्रह केला, तेव्हा त्यांच्यावर दगड पडले. १९३२ साली येरवड्यात पुणे करार झाला. आणि ज्या वर्षी ‘धर्मात्मा’ तयार झाला, त्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली.

म्हणजे अस्पृश्य समाज स्वतः बोलत होता, मागत होता, नाकारतही होता. बोलपटात मात्र हा प्रश्न सोळाव्या शतकातील पैठणला नेला जातो, आणि संघर्ष होतो तो कर्मठ व उदार अशा दोन उच्चवर्णीय पक्षांत. अस्पृश्य हा त्या वादाचे निमित्त ठरतो. संताच्या थोरवीची कसोटी त्याच्या दारात लागते, पण त्याचे स्वतःचे पुढे काय झाले, हा कथेचा प्रश्न राहत नाही.

येथे बौद्ध वाङ्मयातील आनंद व प्रकृती यांची कथा आठवते. भिक्खू आनंद चांडालकन्या प्रकृतीकडे पाणी मागतो. ती आपली जात सांगते; तो म्हणतो, मी जात विचारली नाही, पाणी मागितले. वरवर पाहता प्रसंग सारखाच आहे. परंतु ही कथा तेथे थांबत नाही. ती प्रकृतीच्या मागोमाग जाते, तिचे मन, तिची ओढ सांगते आणि तिला संघात स्थान मिळते तेथवर पोहोचते. मागणारा आनंद मागे राहतो; कथा प्रकृतीची होते.

दया आणि समता यांमधील अंतर ते हेच. दयेच्या कथेत दाता मोठा होतो. समतेच्या कथेत दुसरा माणूस उभा राहतो.

म्हणून ‘धर्मात्मा’ टाळावा असे आम्ही म्हणत नाही. तो अवश्य पाहावा. मात्र पंगत उठल्यावर कॅमेरा कोणाबरोबर जातो, हे पाहावे.