दारापुढचा सडा आणि आतला केर



पन्नासएक वर्षे मी कीर्तनाला उभा राहिलो. त्यांतली बरीच वर्षे एक दृष्टांत माझ्या तोंडी ठरलेला होता. कर्मकांडाचे निरूपण निघाले की मी कबीरांचा आधार घेऊन नमाजाची थट्टा करी. हातपाय धुतले, वाकले, उठले, झाली भक्ती, असे हावभावासह सांगितले की मंडपात हशा पिकायचा. टाळकरीही हसायचे.

एका गावी कीर्तन आटोपल्यावर एक वृद्ध पिंजारी भेटायला आले. ते दर सप्ताहाला कीर्तन ऐकायला येत आणि मंडपाबाहेर हातपाय धुऊन मगच बसत. ते एवढेच म्हणाले, "महाराज, कबीरजी आम्हांला जसं बोलले, तसं तुम्हांलाही बोलले असतील ना? ते आज राहून गेलं." पाया पडून ते निघून गेले. कबीरांचे अर्धे वचन मी वर्षानुवर्षे झाकून ठेवत होतो, हे त्यांनी एका वाक्यात दाखवले. पुढे कीर्तन थांबले, रिकामा वेळ मिळाला, तेव्हा उर्दू जाणणाऱ्या एका स्नेह्याला मी विचारले, की तुमच्या आचार्यांनी या हातपाय धुण्याविषयी काय लिहिले आहे? त्यांनी इमाम गझाली यांचा 'इह्या उलूमुद्दीन' हा ग्रंथ काढला आणि त्यातली शुद्धीची व नमाजाची प्रकरणे मला वाचून, अर्थ लावून सांगितली. त्या दोन प्रकरणांविषयी हा लेख आहे.

अबू हामिद गझाली यांचा जन्म इ. स. 1058 मध्ये खुरासानातील तूस येथे झाला. बगदादच्या निजामिया विद्यापीठात 1091 पासून ते मोठे आचार्य होते. 1095 मध्ये, मानमरातब ऐन भरात असताना, त्यांच्या मनाची घालमेल इतकी वाढली की पाठ सांगताना जीभच उचलेना. सगळे सोडून ते बाहेर पडले. 1111 मध्ये तूस येथेच त्यांनी देह ठेवला. 'इह्या'चा अर्थ धर्मविद्यांना पुन्हा जिवंत करणे. ग्रंथाची चाळीस प्रकरणे आहेत. तिसरे शुद्धीचे, चौथे नमाजाचे. जीभ अडलेल्या वक्त्याचा हा ग्रंथ आहे हे कळल्यावर मला तो परका वाटला नाही.

इस्लाममध्ये नमाजापूर्वी शुद्धी अनिवार्य आहे. वुजू म्हणजे हात, तोंड, नाक, चेहरा, कोपरापर्यंत बाहू धुणे, मस्तकावरून ओला हात फिरवणे आणि घोट्यापर्यंत पाय धुणे. वस्त्र शुद्ध हवे, जागा शुद्ध हवी. पाणी नसेल किंवा आजारामुळे चालत नसेल, तर स्वच्छ मातीवर हात टेकून चेहऱ्यावरून व हातांवरून फिरवायचे. त्याला तयम्मुम म्हणतात. पहाटे, दुपारी, तिसऱ्या प्रहरी, सूर्यास्तानंतर आणि रात्री असा पाच वेळांचा नेम. प्रवाशाला चार रकातींच्या जागी दोन. म्हणजे नियम कडक, पण अडलेल्यासाठी वाट ठेवलेली.

एवढे कोणीही सांगेल. गझालींचे मोठेपण पुढे आहे. ते शुद्धीच्या चार पायऱ्या मांडतात. पहिली, देह मळापासून शुद्ध. दुसरी, इंद्रिये पापापासून शुद्ध. तिसरी, चित्त दुर्गुणांपासून शुद्ध. चौथी, अंतरंग ईश्वरावाचून सगळ्यापासून शुद्ध. आणि मग ते आपल्याच लोकांना फटकारतात. पूर्वीची माणसे अनवाणी चिखलातून चालत आणि चित्ताची काळजी वाहत. आताचे लोक नवरी नटवावी तसा देह घासतात आणि आत गर्व व दंभ तसाच राहू देतात. खलिफा उमर यांनी एका ख्रिस्ती स्त्रीच्या घागरीतल्या पाण्याने वुजू केल्याची गोष्ट ते इथेच आठवून देतात. राजाला घरी बोलवावे, आतली घाण तशीच ठेवावी आणि बाहेरचे दार तेवढे गिलावा करून सजवावे, असा त्यांचा दृष्टांत आहे.

हा दृष्टांत ऐकताना मला तेराव्या अध्यायातले शुचित्वाचे निरूपण आठवले. माउलींनी तिथे आत-बाहेर दोन्ही शुद्धी एकत्र धरल्या आहेत आणि आत शुद्ध नसता बाहेरचे सोपस्कार कसे, तर ओसाड घराच्या दारी तोरण बांधावे तसे, असे म्हटले आहे. शके 1212 मध्ये नेवाशात सांगितलेले आणि त्याच्या पावणेदोनशे-दोनशे वर्षे आधी तूसच्या आचार्याने लिहिलेले. एकाने दुसऱ्याचे घेतले असे मी म्हणत नाही. ज्याने घर झाडले त्याला केर दिसतोच.

नमाजाच्या प्रकरणातला एक दृष्टांत कीर्तनकारांनी अवश्य उचलावा. झाडाखाली बसून एकाला चिंतन करायचे आहे. फांद्यांवर चिमण्या कलकलाट करतात. तो काठीने उडवतो, त्या पुन्हा येतात. अखेर त्याला सांगणारा भेटतो, की शांतता हवी तर झाडच तोड. चिमण्या म्हणजे विचार, झाड म्हणजे वासना. ज्यांनी रोज हरिपाठ म्हणताना मन बाजारात गेलेले अनुभवले आहे, त्यांना याचा अर्थ सांगावा लागत नाही.

पण मन लागले नाही तर कर्म फुकट गेले का? गझालींचे खरे धैर्य या प्रश्नात दिसते. बहुतेक शास्त्री नमाजाच्या प्रारंभीच्या उच्चारापुरते लक्ष मागतात. लोकांची दुर्बळता पाहून हा निवाडा आहे, तो आपण मोडू शकत नाही, असे ते मान्य करतात. गाफील माणूस अगदीच न करणाऱ्यापेक्षा बरा असावा, अशी आशा धरतात. आणि दरबारात येऊन बेपर्वाई करणारा न येणाऱ्यापेक्षा वाईट ठरेल, अशी भीतीही घालतात. आशा आणि भीती दोन्ही त्यांनी उघडी ठेवली. सोपे उत्तर दिले नाही.

आता माझा मतभेद. गझालींच्या मांडणीत खालची पायरी चढल्याशिवाय वरची नाही. आपल्या संप्रदायात नाम कोणत्याही अवस्थेत घ्यावे. नामच शुद्ध करते. इथे वाटा वेगळ्या आहेत असे मला आधी वाटले. स्नेह्याने दुरुस्त केले. त्यांच्याकडे जिक्र, म्हणजे ईश्वराचे स्मरण, उभे, बसून, पडल्या पडल्याही करता येते. त्याला वुजूची अट नाही. तेव्हा नामाची तुलना करायची तर जिक्राशी, आणि नमाजाची आपल्या नित्यनेमाशी. मी आयुष्यभर आपले अंतरंग आणि त्यांचे बहिरंग समोरासमोर ठेवले. असा तराजू कोणाचेही वजन कमीच दाखवणार.

एका बाबतीत तर मान खाली घालावी लागते. वुजूच्या शास्त्रात माणसाच्या जातीने विटाळ होत नाही. व्यवहारात तिथेही उच्चनीच शिरले, हे खरे. पण शास्त्राने त्याला पाणी घातले नाही. आपण सोवळ्याचा उपयोग माणूस दूर ठेवण्यासाठी केला. चोखोबा महाद्वाराबाहेर राहिले. सोयराबाईंनी देहाच्या विटाळाविषयी विचारलेला प्रश्न आपण गातो. तरी पंढरीचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून 1947 मध्ये साने गुरुजींना उपोषण करावे लागले. नमाजाला हसणाऱ्या मंडपात हा इतिहास मी किती वेळा सांगितला? हातांची बोटे पुरतील.

आपल्या परंपरेला हे दार परके नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद बाबा 'योगसंग्राम' लिहून गेले. त्यांना आपण संतच म्हणतो. संत म्हणायचे आणि ज्या घरातून ते आले तिथल्या उपासनेची टिंगल करायची, हे शोभत नाही.

तरुण कीर्तनकारांना एवढीच विनंती. कर्मकांडावर जरूर बोला. संत बोलले, गझालीही बोलले. पण दोघांनीही झाडू आधी आपल्या घरात चालवला. दुसऱ्याच्या अंगणातला केर दाखवून पिकवलेला हशा नारळाच्या मानकऱ्याला आवडेल, पांडुरंगाला नाही. त्या पिंजाऱ्यांना हे सांगायला मी नंतर गेलो होतो. तोवर ते गेले होते. म्हणून इथे लिहिले.

पुंडलीक वरदे हरि विठ्ठल.