शाकालँड : देखावा आणि पुरावा

दक्षिण आफ्रिकेंतील क्वाझुलू-नाताळ प्रांतांत एशोवे शहरानजीक 'शाकालँड' नांवाचें एक झुलू संस्कृतिदर्शक गांव उभारण्यांत आलें. गवती घुमटाकार झोपड्यांचें कडें, मध्यें गुरांचें आवार, आंबविलेल्या ज्वारीच्या पेयाचा पाहुणचार आणि ढाली पेलून केलेलें नृत्य, हें सर्व पाहून प्रेक्षकास शाका राजाचा काळ प्रत्यक्ष पाहिल्यासारखें वाटावें, अशी तेथील योजना. ती कितपत साधार आहे, याचाच येथें विचार कर्तव्य आहे.

शाकाचा खून १८२८ सालीं झाला. हें गांव मात्र त्याच्या राजधानीचा अवशेष नसून, १९८६ सालीं दाखविल्या गेलेल्या 'शाका झुलू' या दूरचित्रवाणीवरील मालिकेच्या चित्रीकरणासाठीं उभारलेल्या देखाव्यांतून निघालें. त्या मालिकेंत शाकाची हकीकत हेन्री फिन या इंग्रज व्यापाऱ्याच्या दृष्टीनें सांगितली आहे. याच फिनला त्याचा सोबती नॅथॅनिएल आयझॅक्स यानें १८३२ सालीं पत्र लिहून, झुलू राजे होतील तितके रक्तपिपासु रंगवावे, म्हणजे ग्रंथ भरदार व मनोरंजक होईल, असा सल्ला दिला होता. बखर आणि अस्सल पत्र यांचें तारतम्य जाणणाऱ्या आमच्या वाचकांस याहून अधिक सांगणें नको. तथापि शाकाचें सर्वच चित्र गोऱ्यांनीं रचलें असेंही म्हणतां येत नाहीं. जेम्स स्टुअर्ट या मॅजिस्ट्रेटनें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वृद्ध झुलूंच्या जबान्या लिहून घेतल्या. त्यांत शाकाची स्तुति आहे, तशी निंदाही आहे. कॅरोलिन हॅमिल्टन यांनीं आपल्या १९९८ च्या ग्रंथांत हा मुद्दा साधार मांडला असून तो आम्हांस मान्य आहे.

आतां नृत्याविषयीं. पाय डोक्यापर्यंत उचलून भुईवर आपटावयाचा, असें हें 'इंदलामू' नृत्य बनावट नव्हे. किंबहुना त्या गांवांतील सर्वांत खरी वस्तु तेंच होय. परंतु तें ज्या काळाची साक्ष देतें, तो काळ शाकाचा नव्हे. त्याचें आजचें रूप खाणींवर व डर्बनसारख्या शहरांत कामास गेलेल्या मजुरांच्या वस्त्यांत, तेथील चढाओढींत, विसाव्या शतकांत घडत गेलें. त्यास १८२८ चा पोशाख चढविला म्हणजे शाका तर हातीं लागत नाहींच, आणि त्या मजुरांचा इतिहास मात्र पुसला जातो. आमचा मुख्य आक्षेप हाच आहे.

दुसरा मार्ग त्याच प्रांतांत आहे. सेत्शवायो राजाची राजधानी ओंदिनी इंग्रजांनीं ४ जुलै १८७९ रोजीं जाळली. आगीनें झोपड्यांच्या मातीच्या जमिनी भाजून कठीण झाल्या आणि म्हणूनच टिकल्या. उत्खननांत त्या सांपडल्या व कांहीं झोपड्या त्याच जागीं पुन्हां उभारल्या गेल्या. तेथें छप्पर नवें असलें तरी त्याखालची जमीन राजाच्या वेळची आहे, आणि हा भेद कोणासही पाहतां येतो.

अशीं संस्कृतिदर्शक गांवें नसावींत, असें आमचें म्हणणें नाहीं. नर्तकांचें कौशल्य पाहावें व त्यांस मुक्तकंठानें दाद द्यावी. फक्त कोणती चाल कोणत्या काळची, हें प्रेक्षकास सांगितलें जावें. तेवढ्यानें देखाव्याची गोडी कमी होणार नाहीं, आणि पुराव्याची अब्रू राहील.