भिंतीचा गुन्हा

विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' १९७२ साली पुण्यात रंगमंचावर आले. तेव्हापासून वाद झाला तो मुख्यतः नाना फडणविसांच्या चित्रणाचा. नाटकातला नाना इतिहासातल्या नानांशी जुळतो का, हा प्रश्न रास्तच आहे. पण त्या गदारोळात एक साधा प्रश्न मागे पडला असे मला वाटते. या नाटकात गुन्हा कोणाचा?

मी वकील नाही, प्राध्यापकही नाही. फौजदारी कायदा वाचला तो रद्दीतून आणलेल्या पुस्तकांवर. १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम १०७ (आता भारतीय न्याय संहितेचे कलम ४५) अपप्रेरणेच्या तीन वाटा सांगते: चिथावणी देणे, कटात सामील होणे आणि जाणूनबुजून मदत करणे. पेशवाईला हे कलम लागू नव्हते, हे उघड आहे. मी ते निवाड्यासाठी नव्हे, नाटक वाचण्यासाठी हाती घेतो.

नाना घाशीरामला कोणाला छळायला सांगत नाही. तो फक्त कोतवाली देतो आणि स्वगतात हिशेब मांडतो: हा परका, याला पुण्यात कोणी नाही, आपली पापेही याच्याच नावावर जमा होतील. साधन दिले, आणि त्याचे काय होईल याचा अंदाजही होता. पण घाशीराम तरी निव्वळ हत्यार कुठे आहे? सूडापायी पोटची गौरी नानापुढे उभी करणारा तोच. दोघेही एकमेकांचे साथीदार. शिक्षा मात्र एकालाच, आणि तीही दुसऱ्याच्या हुकमाने.

उरते ती ब्राह्मणांची भिंत. समीक्षेत तिची चर्चा होते ती लोकनाट्यातून आलेली रंगयुक्ती म्हणून. कायदा म्हणतो, नुसते हजर असणे म्हणजे मदत नव्हे. बोलण्याचे कर्तव्य नसेल तर गप्प राहणेही नव्हे. पण ही भिंत गप्प नाही. ती गाते, डोलते, पाठ फिरवते, आडोसा धरते. कृत्य सोपे व्हावे म्हणून आधी किंवा त्याच वेळी काही करणे, हे त्या कलमाच्या स्पष्टीकरणाप्रमाणे साहाय्यच आहे.

तरुणपणी एका हौशी प्रयोगात मी त्या भिंतीत उभा होतो. तालमीत आम्हाला काळजी एकच, ताल चुकू नये. ओळीत उभे राहण्याचे सुख अजून आठवते: चुकले तरी कोणा एकाचे चुकत नाही. कायद्याला मात्र प्रत्येकाचा हेतू वेगळा सिद्ध करावा लागतो, आणि भिंतीतल्या माणसापाशी तो क्वचितच सापडतो. म्हणून न्यायालयात भिंत बहुधा सुटेल. तेंडुलकर तिला सोडत नाहीत. शेवटी घाशीराम दगडांखाली मरतो, नाना उत्सवाचा हुकूम देतो आणि गाणे पुन्हा सुरू होते. गाणारे तेच असतात. नानाचे चित्रण खरे की खोटे यावर भांडताना आपण त्यांच्याकडे पाहिलेच नाही.