ताजमहालावरील कुराणलेख : अलंकरण की आशय?

ताजमहालाच्या समीक्षेत घुमट, मिनार आणि प्रमाणबद्धता यांची चर्चा विपुल झाली आहे. भिंतींवरील अरबी लेखांचा विचार मात्र बहुधा ‘नक्षीकाम’ या सदरातच उरकला जातो. ही मांडणी अपुरी आहे.

या लेखांचा कर्ता अब्दुल हक शिराझी. शाहजहानने त्यास ‘अमानत खान’ हा किताब दिला. तत्पूर्वी सिकंदरा येथील अकबराच्या मकबऱ्यावरही त्याने लेखन केले होते. ताजच्या उभारणीत हजारो कारागीर राबले. परंतु वास्तूवर स्वाक्षरी आढळते ती केवळ अमानत खानाची. मुख्य मकबऱ्याच्या अंतर्भागात तिच्यासोबत हिजरी १०४५ (इ.स. १६३५-३६) हे वर्ष आहे. सुलेखनकाराचे स्थान इतर कारागिरांहून वेगळे मानले जात होते, हे यावरून स्पष्ट होते.

पांढऱ्या संगमरवरात काळा संगमरवर जडवून सुलुस लिपीतील ही अक्षरे साकारली आहेत. उंचीबरोबर त्यांचा आकार वाढवत नेल्याने खालून पाहणाऱ्यास ती समान भासतात. केवळ शोभाच साधायची असती, तर वाचकाच्या दृष्टीची एवढी काळजी घेण्याचे कारण नव्हते.

आशयाच्या बाबतीत वेन बेगली यांनी १९७९ मध्ये वेगळा सिद्धान्त मांडला. लेखांतील अंतिम न्याय व स्वर्ग यांच्या उल्लेखांवरून त्यांनी ताजमहाल हे ईश्वराच्या सिंहासनाचे रूपक ठरविले. लेख गांभीर्याने वाचण्याचे श्रेय त्यांना निःसंशय द्यावे लागेल. तथापि असे उल्लेख मकबऱ्यांवर सर्रास आढळतात. केवळ त्यांच्या आधारे एवढे रूपक उभे राहत नाही.

अधिक भक्कम पुरावा लेखांच्या जागेत आहे. महाद्वारावर ‘अल्-फज्र’ हा अध्याय आहे. शांत झालेल्या आत्म्याला स्वर्गोद्यानात प्रवेश करण्याचे आवाहन करून तो संपतो, आणि हे द्वार ओलांडताच समोर प्रत्यक्ष उद्यान येते. मकबऱ्याच्या भव्य कमानींभोवती ‘यासीन’ आहे. मृतांसाठी तो पठण करण्याची प्रथा आहे. मुमताजच्या वरच्या कबरीवर कुराणवचने आहेत, तर अमानत खानाच्या निधनानंतर घडविलेल्या शाहजहानच्या कबरीवर फुलांची नक्षी व मृत्युलेख एवढेच आहे. अक्षरे सर्वत्र सारखी पसरलेली नाहीत. ती जागा पाहून योजलेली आहेत.

सारांश, येथे अलंकरण आणि आशय यांची फारकत करता येत नाही. लेख वगळून केलेले ताजचे वर्णन हे अर्ध्याच वास्तूचे वर्णन ठरते.