'मॅड मॅक्स' : भयाचे आकर्षण

जॉर्ज मिलर यांचा 'मॅड मॅक्स' (१९७९) हा अल्प खर्चात निर्मिलेला ऑस्ट्रेलियन चित्रपट 'हिंसेचा बाजार' म्हणून निकालात काढणे सोपे आहे. त्याच्या लोकप्रियतेचा उलगडा मात्र त्याने होत नाही. मिलर पूर्वी सिडनीत डॉक्टर होते. रस्त्यांवरील अपघातांत छिन्नविच्छिन्न झालेली शरीरे त्यांनी पाहिली होती. तरीही सर्वांत भीषण प्रसंगी ते शरीर दाखवीत नाहीत. मॅक्सच्या पत्नीला व मुलाला मोटारसायकली चिरडून जातात, तेव्हा आपणांस दिसतो तो रस्त्यावर घरंगळणारा लहानसा बूट. उरलेले चित्र प्रेक्षकच पूर्ण करतो. भयानकाची शक्ती येथे व्यंजनेत आहे.

परंतु खरा प्रश्न पुढेच उद्भवतो. पोलीस अधिकारी मॅक्स सूड उगवू लागतो. शेवटच्या गुन्हेगाराचा घोटा बेडीने जखडून, हाती करवत देऊन, त्यास स्फोटाच्या तोंडी सोडून जातो. त्या क्षणी आपणही मॅक्सच्याच गाडीत असतो. करुणातून जन्मलेला हा रौद्र आपणांस सुखावतो. अ‍ॅरिस्टॉटलप्रणीत भावविरेचन येथे घडत नाही. भय निवळण्याऐवजी क्रौर्यास आपली संमती मिळते. ही संमती नाकारणे नव्हे, तर ती स्वतःत ओळखणे, हेच अशा कृतींच्या समीक्षेचे पहिले कर्तव्य होय.