फास्टकॅशचा लिनक्स नमुना: लेखात काय आहे आणि काय नाही

भिवंडीच्या एका विद्यार्थ्याने पीएचडी प्रवेशासाठी केलेला मसुदा मला वाचायला पाठवला. विषय लिनक्सवरचे बॅकडोअर. पहिलंच वाक्य असं की २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर फास्टकॅशच्या लिनक्स मालवेअरने हल्ला केला. त्या प्रकरणात अटक झालेल्यांत भिवंडीचेही लोक होते, त्यामुळे उदाहरण त्याला घरचं वाटलं असणार. पण हे वाक्य मुलाखतीत टिकणार नाही.

त्याने आधार घेतलाय तो हॅक्सरॉब या टोपणनावाने लिहिणाऱ्या संशोधकाचा ऑक्टोबर २०२४ चा लेख. तुम्हीही तो वाचाच, कारण असं काम कसं मांडावं याचा तो चांगला नमुना आहे. एक लायब्ररी फाइल ‘पीट्रेस’ वापरून चालू प्रोसेसमध्ये घुसवली जाते आणि ‘रिसीव्ह’ फंक्शन अडवलं जातं. खात्यात पैसे नाहीत म्हणून आलेला नकार, कार्ड ठरलेल्या यादीतलं असेल तर, मंजुरीत बदलतो. रक्कम १२,००० ते ३०,००० तुर्की लिरांमध्ये कुठलीही. स्विचच्या मूळ प्रोग्रामची डिस्कवरची फाइल तशीच राहते, म्हणजे नुसती चेकसम तपासून हाती काही लागत नाही. प्रत्येक पायरीला कोड दाखवलाय, तुम्ही स्वतः पडताळू शकता.

आता तारखा बघा. हा नमुना उबुंटूसाठी बनवलेला आहे, आणि व्हायरसटोटलवर तो आला जून २०२३ मध्ये. कॉसमॉसचे पैसे गेले ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ ला. शिवाय ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकी सरकारने फास्टकॅशचा जो इशारा काढला, तो आयबीएमच्या एआयएक्स प्रणालीबद्दल होता, लिनक्सबद्दल नाही.

आणि पद्धतही एक नाही. इथे खरा मुद्दा आहे, जरा थांबा. कॉसमॉसमध्ये बनावट स्विच उभा केला गेला, आणि पैसे काढण्याची विचारणा बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत पोचलीच नाही. २८ देशांतून ७८ कोटी, भारतातून अडीच कोटी, वर स्विफ्टमार्गे हाँगकाँगला १३ कोटी ९२ लाख. लिनक्स नमुन्यात मात्र बँकेला विचारलं जातं, बँक नाही म्हणते, आणि ते ‘नाही’ वाटेत बदलतं. म्हणजे एकीकडे बँकेच्या नोंदीत काहीच नसणार, दुसरीकडे नकारांची रांग असणार. तुमची शोधपद्धत यावरच ठरते. दोन्हींमागे उत्तर कोरियाचं नाव घेतलं जातं, तेवढ्यावर दोन्ही एकाच टोपलीत टाकता येत नाहीत.

लेखातही एक जागा मला कच्ची वाटते. नमुना फास्टकॅश कुटुंबातला हे कोडच्या साधर्म्यावरून पटतं. पण तो कुठल्या बँकेत वापरला गेला, हल्लेखोर सर्व्हरपर्यंत पोचले कसे, हे एकट्या नमुन्यातून कळत नाही. लिराचा चलन-कोड तुर्कस्तानकडे बोट दाखवतो, एवढंच. लेखक तिथे जपून लिहितो. त्याच्यावरून लिहिणारे जपत नाहीत.

बाकी, याला बॅकडोअर म्हणायचं का? बॅकडोअर म्हणजे परत आत यायची चोरवाट. हा तर आत शिरल्यावर गल्ल्यावर बसवलेला माणूस! रूट परवानगी आधीच मिळालेली असावी लागते. म्हणून उबुंटूची पीट्रेसवरची नेहमीची मर्यादा इथे कामाची नाही. ती सर्वांत कडक पातळीवर, म्हणजे ३ वर, ठेवली तरच रूटलाही रीबूटपर्यंत अडवते.

मग संशोधनाला उरतं काय? बँकेच्या उत्तरावरची सही, म्हणजे मेसेज ऑथेंटिकेशन कोड, कोणी आणि कुठल्या यंत्रावर तपासायची? स्विचवरच तपासली आणि स्विचच फितूर असेल तर? मी हे लिहून पाठवलं. त्याने हा प्रश्न आता पहिल्या पानावर घेतलाय. शीर्षकातलं ‘बॅकडोअर’ मात्र अजून तसंच आहे.