खोकडाचा घोटा

तांबडं खोकड बर्फातून चालतं तेव्हा त्याचा मागचा पाय नेमका पुढच्या पायाच्या ठशात पडतो. ते बोटांवर चालतं. टाच जमिनीला टेकत नाही, घोटा मागे उंच राहतो, आणि त्या उंच घोट्यामुळेच त्याच्या चालीत ती हलकी, चोरटी लय येते. डोळ्यातली बाहुली मांजरासारखी उभी. हे ज्याला ठाऊक आहे त्याने आज फरी चित्रांच्या, म्हणजे माणसासारख्या वागणाऱ्या प्राण्यांच्या चित्रांच्या, इंटरनेटवरच्या कुठल्याही मोठ्या दालनात तासभर घालवून पाहावं. खोकडं शेकड्यांनी भेटतील. निळी, जांभळी, कानात बाळ्या घातलेली. सगळी एकाच तऱ्हेने उभी. एकदा समोरून, एकदा पाठमोरी, हात अंगापासून जरा लांब, बाजूला रंगांचे चौकोन. घोटा नाही, वजन नाही, चाल नाही. लांडगा, बिबट्या, ड्रॅगन, तरस, कुणीही घ्या, कान आणि शेपूट बदलली की खाली धड तेच. याची मला चीड येते, कारण या कलेवर माझा जीव आहे.

फरी मंडळींची चेष्टा करणाऱ्यांसाठी हा लेख नाही. माणसासारखं बोलणारं-वागणारं प्राण्याचं पात्र स्वतःसाठी घडवायचं, त्याला फरसोना म्हणायचं, आवडत्या चित्रकाराला कमिशन देऊन त्याची चित्रं काढून घ्यायची आणि ती चारचौघांत मांडायची, या खटाटोपात मला हसण्यासारखं काही दिसत नाही. कलादालनं, अनुदानं आणि समीक्षक यांच्यापैकी कुणाचीही मदत न घेता या लोकांनी चार दशकं चित्रकार पोसले. आमच्या कलाविश्वात व्यक्तिचित्र करून घेणारा आश्रयदाता केव्हाच नाहीसा झाला. तो इथे जिवंत आहे, आणि बहुतेक वेळा तो बेताच्या पगारातला तरुण असतो. म्हणूनच त्याला काय विकलं जातं आहे याची चौकशी करणं भाग आहे.

या कलेची वंशावळ आपल्या दारातूनच निघते. पंचतंत्रातले करटक आणि दमनक अरबीत गेले आणि कलीला व दिमना झाले. तिथून त्या कथा युरोपभर पसरल्या. ला फाँतेनने १६७८ साली आपल्या कथांच्या दुसऱ्या संग्रहात पिल्पे नावाच्या भारतीय ज्ञान्याचं ऋण उघड मान्य केलं, आणि त्याच ला फाँतेनच्या कथांना १८३८ मध्ये ग्रांव्हीलने चित्रं काढली. ग्रांव्हीलची हातोटी माणसाच्या धडावर जनावराचं डोकं बसवण्याची. कोट, छडी, बसण्याची ढब, सगळं पॅरिसच्या माणसांचं. डोकं तेवढं पोपटाचं किंवा मगरीचं. उपहासासाठी ही युक्ती फार धारदार आहे. आर्ट स्पीगलमनची ‘माऊस’ ही चित्रकथा याच मुखवट्याच्या वाटेवरचं थोर काम. पण या वाटेवर प्राणी हा निमित्तमात्र असतो.

दुसरी वाट बिॲट्रिक्स पॉटरची. तिने ससे पाळले, तासन्‌तास त्यांची रेखाटनं केली. लहानपणी भावाबरोबर मेलेल्या जनावरांचे सांगाडेसुद्धा अभ्यासले. १९०२ साली छापलेल्या तिच्या पीटर सशाच्या अंगात निळं जाकीट आहे, पायांत बूट आहेत. पण पळताना बूट हरवले की तो चार पायांवर येतो आणि जास्त वेगाने पळतो. माणूसपण अंगावर घालता येतं आणि गळूनही पडतं. आतला ससा कायम राहतो. माझ्या मते या कलेतलं जे काही टिकाऊ आहे ते सगळं या एका शोधावर उभं आहे. ज्यांनी व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’मधली वानरं वाचली आहेत त्यांना हे वेगळं पटवून द्यायला नको.

आजच्या फरी चळवळीचा आरंभ बहुतेकजण १९८० मध्ये धरतात. त्या वर्षी बॉस्टनच्या जागतिक विज्ञानकथा संमेलनात स्टीव्ह गॅलाचीने एर्मा फेल्ना या लष्करी गणवेशातल्या मांजरीचं चित्र मांडलं, आणि त्याच्याभोवती माणसं जमली. पुढे संमेलनांच्या हॉटेलांतल्या खोल्यांमध्ये एकमेकांच्या वह्या चाळण्याचा पायंडा पडला, हौशी अंक निघाले, १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात कॉनफ्युरन्स हे पहिलं स्वतंत्र संमेलन भरलं. गॅलाचीच्याच ‘अल्बेडो’ या अंकात १९८४ साली स्टॅन साकाईचा उसागी प्रथम अवतरला. साकाईला सामुराई काढायचा होता. सशाचे लांब कान त्याने डोक्यावर गाठ मारून बांधले आणि सामुराईची शेंडी आपोआप तयार झाली. प्राण्याच्या अवयवातून कल्पना निघाली, आणि ती चाळीस वर्षं पुरली. याला मी रेखाटणं म्हणतो.

त्याच पिढीच्या उशाशी आणखी एक चित्र होतं: डिस्नेचा १९७३ चा ‘रॉबिन हूड’. या चळवळीतल्या कितीतरी जणांना आपलं पहिलं प्रेम तिथे सापडलं आहे. त्यातला जंगलातला नाच आधीच्या ‘स्नो व्हाइट’, ‘जंगल बुक’ आणि ‘ॲरिस्टोकॅट्स’ या चित्रपटांतल्या हालचालींवरून गिरवलेला आहे, हे आता सर्वांना माहीत आहे. मेड मेरियन ही खोकडी नाचते ती स्नो व्हाइटच्या पावलांनी. स्टुडिओने पैसे वाचवण्यासाठी ते केलं. पण गिरवलेल्या मानवी धडावर खोकडाचं डोकं ही खोड तेव्हापासून या कलेच्या पाळण्यातच पडली, आणि आज ती घरभर फिरते आहे.

आता ज्यांच्यासाठी मी हा लेख लिहायला बसलो त्यांच्याकडे येतो. ‘ब्लॅकसॅड’ या फ्रेंच चित्रकथामालिकेचा पहिला खंड २००० साली आला. लेखक हुआन दियास कनालेस, चित्रकार हुआन्हो ग्वार्निदो, दोघंही स्पॅनिश. ग्वार्निदो त्याआधी डिस्नेच्या पॅरिसजवळच्या स्टुडिओत होता, आणि ‘टारझन’मधल्या साबोर या बिबळ्याच्या मादीचं चलनचित्रण त्याच्याकडे होतं. म्हणजे कोट-टायमधला गुप्तहेर बोका काढण्याआधी या माणसाने मार्जारकुळातल्या जनावराच्या खांद्याची हाडं चालताना कशी वरखाली होतात हे हाताने गिरवून गिरवून अंगवळणी पाडलं होतं. ते प्रत्येक चौकटीत दिसतं. जॉन ब्लॅकसॅड खुर्चीत रेलतो तेव्हा पाठीचा कणा मांजराचा असतो. तो चिडला की आधी कान मागे जातात, मग चेहरा बदलतो. पोलीसप्रमुख स्मिर्नोव्ह जर्मन शेफर्ड आहे. त्याच्या मानेच्या ताठपणात कर्तव्य आणि थकवा एकदमच दिसतो, त्यासाठी एक शब्द खर्चावा लागत नाही. दुसऱ्या खंडात, २००३ च्या ‘आर्क्टिक नेशन’मध्ये, पांढऱ्या फरच्या प्राण्यांनी वंशश्रेष्ठत्वाची टोळी उभारली आहे. ध्रुवीय अस्वल, पांढरं खोकड, हिमप्रदेशातली सगळी देखणी जनावरं. मुखवट्याच्या वाटेने गेलेला चित्रकार इथे रूपक सांगून थांबला असता. ग्वार्निदो त्या अस्वलाचं वजन दाखवतो, त्याने खोली कशी भरते ते दाखवतो, आणि मग त्या वंशाभिमानाची भीती वाटू लागते.

अर्सुला व्हर्ननची ‘डिगर’ ही इंटरनेटवरची चित्रकथा दुसरी माझी लाडकी. २००३ ते २०११ अशी ती क्रमशः चालली, सोफावुल्फ या फरी प्रकाशनाने ग्रंथरूपात आणली, आणि २०१२ मध्ये तिला ह्यूगो पुरस्कार मिळाला. नायिका आहे एक वॉम्बॅट. बुटकी, रुंद, व्यवहारी, पेशाने खणकाम करणारी. बोगदा खणता खणता ती वाट चुकते आणि थेट एका देवळात, बोलणाऱ्या गणेशमूर्तीसमोर बाहेर पडते. परदेशी लेखिकेने आपला गणपती वापरला की मी सावध होतो. इथे सावध राहण्याची गरज उरत नाही. हा गणेश संयमी आहे, विनोद समजणारा आहे, आणि स्वतःच्या मर्यादा जाणणारा आहे. देवांवर फारसा विश्वास नसलेल्या या खणकरणीशी त्याचा जो स्नेह जुळतो, तो मला अनेक भक्तिपटांपेक्षा खरा वाटतो. व्हर्ननची तरसं तर अपूर्व. ठिपकेवाल्या तरसांच्या कळपात माद्यांचं राज्य असतं हे जीवशास्त्र तिने घेतलं आणि त्यातून एक संपूर्ण समाज उभा केला: त्याचे विधी, त्याचा शोक, त्याचा बहिष्कार. कळपाने नाव काढून घेतलेलं एक तरस, ज्याला डिगर एड म्हणू लागते, ते मी विसरू शकत नाही. काळ्या-पांढऱ्या रेषा, रंगाचा आधार नाही, आणि तरीही मातीचा वास येतो. वॉम्बॅट नसती तर ही गोष्टच घडली नसती. माझी कसोटी हीच आहे.

ट्रेसी बटलरची ‘लॅकाडेझी’ ही इंटरनेटवरची चित्रकथा २००६ पासून चालू आहे: १९२७ चं सेंट लुईस, दारूबंदी, चोरटी दारू आणणारी मांजरं. तिच्या मांजरांच्या शेपट्या तोंडापेक्षा जास्त बोलतात. २०२३ मध्ये लोकवर्गणीतून तिचा चलनपट आला तेव्हा हातांनी काढणाऱ्यांची एक अख्खी फळी अजून शिल्लक असल्याची खात्री पटली.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. ‘झूटोपिया’ हा चित्रपट सफाईदार आहे, आणि उंदरांचं शहर उंदरांच्या मापाचं ठेवण्याची अक्कल त्याच्यात आहे; पुढे जाऊन काही सांगण्याचं धाडस नाही. ‘बीस्टार्स’ ही जपानी मालिका मांसाहाराचा प्रश्न विचारते आणि प्रेमकथेत हरवून जाते. जपानी केमोनो शैलीला डोळे हवेत, प्राणी नको. फरसूट, म्हणजे अंगावर चढवायचा प्राण्याचा पोशाख, ही शिवणकामाची आणि सोंगाची कला आहे, तिचा विचार रंगभूमीच्या अभ्यासकांनी करावा. कामुक चित्रांच्या वादाने या विषयावरची निम्मी चर्चा खाल्ली आहे. मी त्याला आणखी जागा देणार नाही.

खरा शत्रू रेफरन्स शीट. हा कागद मुळात उपयोगाचा होता: पात्राचे पट्टे कुठे, डोळ्यांचा रंग कोणता, हे दुसऱ्या चित्रकाराला कळावं म्हणून केलेलं टिपण. आता टिपणालाच चित्र समजलं जातं. त्याच्यापाठोपाठ ॲडॉप्टेबल आले: कुठल्याही गोष्टीशी संबंध नसलेली तयार पात्रं, एकाच साच्यावर दहा रंगसंगती, पसंत पडेल ती विकत घ्या. मग बंद प्रजाती आल्या. कुणीतरी एक काल्पनिक जनावर आखतो, त्याची शिंगं साधी, दुर्मिळ आणि अतिदुर्मिळ अशी वर्गवारी करतो, नोंदवही ठेवतो आणि परवानगीशिवाय ते काढायला मनाई करतो. प्राणी काढायला परवानगी! लांडग्याचा मालक कोण, हा प्रश्न पंचतंत्रापासून आजवर कुणाला पडला नव्हता. लोक पात्रं साठवतात, अदलाबदल करतात, विकून टाकतात. त्या पात्रांनी कधी दार उघडलेलं नसतं, पावसात भिजलेलं नसतं, कुणाशी भांडण केलेलं नसतं. ‘तुमचं पात्र इथे’ असं लिहून अर्धवट चित्र आधीच तयार ठेवायचं आणि गिऱ्हाईक मिळालं की डोकं भरायचं, हा धंदा तर आता इतका रुळला आहे की कुणाला खटकतही नाही.

म्हणून यंत्राने केलेल्या चित्रांवरचा संताप मला अर्धाच पटतो. फर अफिनिटी या सर्वांत मोठ्या दालनाने सप्टेंबर २०२२ मध्ये अशा चित्रांवर बंदी घातली. योग्य केलं. चित्रकारांचं काम न विचारता उचलून ही यंत्रं शिकवली जातात, आणि ती चोरी आहे. इंकबनी या दुसऱ्या दालनाने अटी घालून मुभा दिली. मला ती तडजोड मान्य नाही. पण त्याच्याही दोन वर्षं आधी, २०२० मध्ये, ‘धिस फरसोना डज नॉट एग्झिस्ट’ हा प्रयोग झाला होता. हजारो फरी चित्रांवर शिकवलेलं यंत्र क्षणात नवा चेहरा काढून द्यायचं, आणि त्यातले पुष्कळसे चेहरे बेमालूम असायचे. त्या काळच्या यंत्राला नीट हात काढता येत नव्हता. मग फरसोना कसा जमला? कारण त्याच्यापुढे ठेवलेली मुंडकी आधीच एकमेकांच्या नकला होती. साच्यातून काढाल तर साचा यंत्राला तुमच्यापेक्षा लवकर येणार. उसागीच्या कानांची गाठ यंत्राला सुचली नसती. एड सुचला नसता.

यावर उत्तर ठरलेलं आहे: हे कलेसाठी नाहीच, ही आमची ओळख आहे, एखाद्या एकट्या मुलाला आपल्या लांडग्याच्या चित्रातून पहिल्यांदा धीर मिळतो, तुम्ही घोट्याची हाडं मोजत बसला आहात. त्या मुलाचा धीर मी खरा मानतो, म्हणूनच हा युक्तिवाद नाकारतो. ज्या चित्रात माणूस स्वतःला शोधतो आहे ते चित्र जास्त गंभीरपणे काढायला हवं. त्याने लांडगा निवडला. का निवडला? कळपासाठी, की कळपातून हाकलल्या गेलेल्या एकट्या लांडग्यासाठी? लांडगा घाबरला की शेपूट पोटाखाली घेतो, वरचढापुढे कान पाडतो, पिल्लांसाठी पोटातलं अन्न परत काढतो. यातलं काही त्या मुलाच्या चित्रात आलं का? त्याला रंगांचे सहा चौकोन आणि समोर बघणारा रिकामा चेहरा देऊन पाठवणं ही त्याच्या विश्वासाची फसवणूक आहे. आणि हे करणारे अनाडी नाहीत. उत्तम हात असलेले चित्रकार आठवड्याला ठरावीक शीट्स भरतात, कारण त्याला मागणी आहे, आणि मागणी आहे कारण दुसरं काही मिळेल हे गिऱ्हाइकाला कुणी सांगितलेलं नाही.

तेव्हा हे गिऱ्हाइकांना सांगतो, आपल्याकडच्या त्या तरुणांनाही, जे टॅब्लेटवर रात्री-अपरात्री आपली पात्रं काढत बसतात. पुढचं कमिशन देताना शीट मागू नका. प्रसंग मागा. तुमचं खोकड बस चुकल्यावर कसं उभं राहतं, तुमचं तरस भावाच्या लग्नात काय करतं, हे काढून मागा. चित्रकारांनी आठवड्यातली एक सकाळ खऱ्या जनावरासमोर वही घेऊन बसावं. गल्लीतलं कुत्रं चालेल, तेही बोटांवरच चालतं. आणि दालनं चालवणाऱ्यांनी यंत्राच्या चित्रांना दार बंद केलं तसं निदान पहिल्या पानावरून तरी साच्यांच्या चित्रांना खाली उतरवावं.